डेकखालचं अंतर

विश्रामबागेतल्या ऑफिसखाली क्रांती स्कूटर लावत होती तेव्हा फोन वाजला, आणि पलीकडून धाकट्या भावानं, सूरजनं ‘च्या झाला का’ वगैरे काही न विचारता एकदम विचारलं, “आक्का, तुमच्या कागदावर आमचा डेक पान्यापास्नं किती वर हाय?” तिचा हात हॅन्डलवर तसाच राहिला. सूरजचा फोन आठ-दहा दिवसांनी यायचा, समुद्रातल्या त्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जेवणाच्या खोलीपुरतं नेट असायचं तिथून, आणि आईचे गुडघे, आबांची मेंढरं, गावातलं कुणाचं तरी लग्न यापलीकडे तो कधी गेला नव्हता. “तुला कशाला पायजे?” ती म्हणाली. म्हणजे उत्तराच्या आधी संशयच बाहेर पडला, हे तिचं तिलाच जाणवलं. “कागदावर तेरा चाळीस आसंल. आमच्याकडं बोर्डावर तेच लिवलंय. पर मी मोजलं आक्का. बारा मीटर धा भरतंय.” मग लाईन गेली. समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक सुरू केला, मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून तिच्या डोळ्यांत आलं, आणि जिना चढताना तिच्या मनात पहिला विचार आला तो ‘एक मीटर तीस सेंटिमीटर गेले कुठं’ हा नव्हता. पहिला विचार होता, याला हे कोणी शिकवलं?

ती जन्मली वाढली कवठे महांकाळच्या माळावर, जिथं टँकर आला की बायका पळायच्या आणि दहावीच्या पुस्तकातली भरती-ओहोटी तिनं पाठ करून लिहिली होती, जशी परक्या देशातली नदी लिहावी तशी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. आज ती अडतीस वर्षांची होती आणि सांगलीतल्या अकरा माणसांच्या या ऑफिसात बसून अरबी समुद्रातल्या लाटांची उंची काढत होती. समुद्र तापत चाललाय. पूर्वी क्वचित आणि थकून येणारी वादळं आता दोन दिवसांत बळ धरतात. आणि तेल काढणारे हे प्लॅटफॉर्म तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अंदाजांवर उभे आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांत लाट किती चढेल, कुठला प्लॅटफॉर्म बळकट करायचा, कुठल्यावरून माणसं किती आधी उतरवायची, हे कंपनीला सांगायचं, एवढं त्यांचं काम. डेक म्हणजे खांबांवर पेललेला मजला; त्याच्या खालून, खांबांमधून लाट निघून गेली तर काही होत नाही. ती डेकला धडकली, तर ते खांब त्या धक्क्यासाठी बांधलेलेच नसतात. म्हणून डेकचा तळ आणि लाटेचा माथा यांत मोकळी हवा हवी, किमान दीड मीटर. सूरजच्या प्लॅटफॉर्मच्या अहवालात तिनं लिहिलं होतं: पाण्यापासून डेक तेरा चाळीस, लाटेचा माथा अकरा ऐंशी, उरले एक साठ. नियमाच्या चार बोटं वर. पास. शुक्रवारी त्यावर सही व्हायची होती आणि आज मंगळवार होता. बारा दहा खरं असेल तर उरतात तीस सेंटिमीटर. तिनं टेबलावरची पट्टी उचलली, तीस सेंटिमीटरचीच होती ती, आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

पण खरं असेल कशावरून? सूरज नऊ वर्षांचा असताना आबांनी त्याला मेंढरं मोजायला बसवलं होतं. आबा म्हणजे तिचे वडील भाऊसो, त्यांना दिवसातून दोनदा मोजल्याशिवाय घास गिळायचा नाही. सूरजनं सरळ आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, चौऱ्याऐंशी. क्रांतीनं मागून मोजली तर त्र्याऐंशी. एक कोकरू ओढ्यातच राहिलं होतं आणि सकाळी लांडग्यानं टाकलेले त्याचे पाय तेवढे सापडले. आबांनी मारलं नाही. फक्त त्या दिवसापासून घरात सूरजनं काही मोजलं की कुणीतरी, बहुतेक तीच, ते पुन्हा मोजायची. मग डिप्लोमा. ‘सुटलो’ म्हणून त्यानं पेढे वाटले आणि दोन विषय राहिल्याचं तिला सहा महिन्यांनी कळलं. राहिलेले विषय त्यानं पुढं सोडवले, मिरजेला एका वर्कशॉपमध्ये राबला, प्लॅटफॉर्मवर ठेकेदाराकडे लागला त्याला चार वर्षं झाली, तिथं त्याच्या हाताखाली आता सहा माणसं होती. हे सगळं तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पोटातून वाटणं वेगळं. पोटात अजून ते चौऱ्याऐंशीच होतं.

संध्याकाळी त्याचा फोन परत लागला. तिनं आधी विचारलं, “भरती हुती का ओहोटी?” तो हसला नाही. “दोन्ही टायमाला घेतलं. तीन दिस. टेपला नट बांधून सोडला, लाट निवायची वाट बगितली, मग मधला आकडा काढला. तू मला काय समजतीस?” मग सांगत बसला. बोट लागते तिथल्या जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या आता शेवाळात असतात. केरबाकाका, म्हणजे माण तालुक्यातला त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस, अठरा वर्षं त्याच प्लॅटफॉर्मवर, तो म्हणतो की तो आला तवा त्या पायऱ्या कोरड्या असायच्या. “तेल उपसून उपसून तळ बसतोय आक्का. आन तळासंगट आमी.” तळ बसतो हे तिला ठाऊक होतं, जगात असे प्लॅटफॉर्म झालेत. म्हणूनच ती अधिक सावध झाली. एवढं बरोबर बोलायला सूरज शिकला कधी? केरबाकाकाच्या तोंडून कोण बोलतंय? दुरुस्तीचं काम मिळावं म्हणून ठेकेदारच तर यांना पुढं करत नसेल? की सूरजलाच किनाऱ्यावर बदली हवीय? त्याच्या आवाजात काही लपवलेलं आहे का म्हणून ती ऐकत राहिली, आणि पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणीतरी कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारतंय, आणि या सगळ्याखाली एक सततची घरघर. ती यंत्रांची होती की समुद्राची हे तिला कळेना.

बुधवारी ती ऑफिसचे प्रमुख वीरधवल सरांकडे गेली. सर वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरातले, सैन्यात इंजिनिअर म्हणून वीस वर्षं पूल बांधलेले, बोलायच्या आधी टेबलावरची प्रत्येक वस्तू सरळ करणारे. “आपल्याला दिलेला आकडा तो आपला आकडा,” ते म्हणाले. “मोजणं आपलं काम नाही, हे करारात लिहिलंय.” “आणि आकडा जुना असेल तर, सर?” त्यांनी पेन्सिल वहीला समांतर ठेवली. “कोण म्हणतं जुना आहे?” तिनं सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांचं ते न विचारणं तिच्या मनात दिवसभर टोचत राहिलं. त्यांना आधीच माहीत असेल? दुपारी प्रांजल, ऑफिसात दोन वर्षांपूर्वी आलेली, कंपनीशी पत्रव्यवहार बघणारी मुलगी, चहा घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, शुक्रवारचं नक्की ना? तिकडून सारखे विचारतायत.” सारखे का विचारतायत? क्रांतीनं चहा घेतला. त्यात साखर जास्त होती. तिला वाटलं, हे असं सगळ्यांकडे तिरकं बघणं आबांकडून आलंय. आबा ढगाकडेसुद्धा असेच बघायचे, त्यानं काहीतरी चोरलंय असं.

त्या उकाड्यात घरी जाताना ती आयर्विन पुलावर थांबली. खाली कृष्णा पार बारीक झाली होती, काठाच्या चिखलाला भेगा गेल्या होत्या. इथंच एकोणीस सालच्या ऑगस्टमधल्या महापुरात ती छत्री धरून उभी होती, गर्दीत, आणि खांबावरचे फुटांचे आकडे वाचत होती. तेव्हा ती नदीपासून चौथ्या गल्लीत तळमजल्यावर भाड्यानं राहायची. तिनं पाण्याचा चढ तासाला किती ते मांडलं, वहीत रेघ ओढली, आणि ठरवलं की पाणी तिसऱ्या गल्लीत थांबणार. शेजारच्या मनुबाई, सत्तरीच्या, अंगठेबहाद्दर, दारात येऊन म्हणाल्या, “पोरी, ट्रंका वर घे. उंदरं माळ्यावर चाललीत.” ती हसली होती. अगदी प्रेमानं हसली होती, आणि वही दाखवली होती. पहाटे पाणी उंबऱ्यातून आलं नाही, मोरीतून आलं, मागून, जिथं ती बघतच नव्हती. कॉलेजातली पुस्तकं, पदवीचे कागद, लग्न मोडल्यावर जपून ठेवलेल्या चार वस्तू, सगळं त्या तांबड्या पाण्यात तरंगलं. मनुबाईंच्या ट्रंका माळ्यावर कोरड्या होत्या आणि मनुबाई तिला एका शब्दानंही काही बोलल्या नाहीत. पुलाच्या कठड्याला टेकून तिला वाटलं, शेवाळलेल्या पायऱ्या म्हणजे तरी दुसरं काय आहे? तरी पण उंदरांच्या भरवशावर अहवाल बदलता येत नाही. कुणीतरी विचारणारच: पुरावा काय?

तिनं सूरजला निरोप टाकला: फोटो पाठव. टेप, कागदावर तारीख-वेळ, सगळं एकात. त्याचा फोन आला. “तुजा इस्वास न्हाई.” तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. “माझा आसून काय उपेग? दुसऱ्यांना दाखवायला पायजे,” ती म्हणाली. “खाली फोन न्यायला बंदी हाय आक्का.” हे तिला माहीत होतं. तिनं स्वतः अशा अहवालांत ती ओळ लिहिली होती; नियम खरा होता, वायू कुठं गळत असेल तर एक ठिणगी पुरते. “मग ऱ्हाऊ दे,” असं म्हणायला तिच्याकडे सबंध एक श्वास होता. ती म्हणाली, “बघ तुला जमतंय का.”

गुरुवारी दुपारी फोटो आला. जाळीची फरशी, खाली हिरवंकाळं पाणी, फरशीच्या कडेवरून खाली गेलेला टेप, बारा सत्तरवर धरलेलं सूरजचं बोट, नखाला ग्रीस. बाजूला वेळ लिहिलेला कागद, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कडेवर पिवळं हेल्मेट ठेवलेलं, आणि हेल्मेटवर काळ्या अक्षरांत नंबर, चारशे सतरा. तिनं त्या तासाची ओहोटी काढली. पाणी नेहमीपेक्षा साठ सेंटिमीटर खाली. बारा सत्तरातून साठ गेले. बारा दहा. तिनं तीनदा वजाबाकी केली आणि तिन्ही वेळा तेच आलं. मग ती हेल्मेटकडे बघत राहिली. नंबरावरून नाव निघतं. तिनं फोटोची कड बोटानं आत ओढली, हेल्मेट गेलं, पण कागदाचा कोपराही गेला, आणि तो फोटो लगेच कुणीतरी केल्यासारखा दिसायला लागला. तिच्यासमोर असा फोटो आला असता तर तिनं पहिला प्रश्न हाच विचारला असता, काय कापलंय? तिनं कड पुन्हा बाहेर सोडली. फोटो आहे तसा, आपल्या वजाबाकीसकट, वीरधवल सरांना पाठवला, सही करणार नाही असं खाली लिहिलं, आणि पाणी प्यायला उठली.

रविवारी सूरजचा फोन आला तो पनवेलच्या बसस्टँडवरून. “मला उतरिवलं. पास काढून घेतला. परवानगीबिगर खालच्या डेकवर गेलो, फोन नेला. बरोबर हाय त्येंचं.” मग म्हणाला, “कुनी सांगितलं आसंल गं?” “बगते,” ती म्हणाली. आणि खरोखरच बघायला लागली. पुढचे पाच आठवडे ती बघत होती. सोमवारी तिनं प्रांजलला कोपऱ्यात घेतलं: फोटो कुणाकुणाला गेला, कधी गेला, तिकडे तुझ्या ओळखीचं कोण आहे? प्रांजलचे डोळे भरले. “ताई, सरांनी लिहिलं, मी फक्त जोडून पाठवला. हेल्मेटवर नंबर होता की. तुम्ही बघितला नव्हता?” “नाही,” क्रांती म्हणाली. इतकं सरळ, की तिचा तिलाच विश्वास बसला. मग तिनं सरांवर संशय घेतला. त्यांच्या सरळ केलेल्या पेन्सिलीवर, त्या न विचारण्यावर. रात्री झोप लागली नाही की ती एकेकाला पुढं उभं करायची, ठेकेदार, केरबाकाका, वायरलेसवर बसणारा कुणी अनोळखी माणूस, आणि एकेकाला पारखून बाजूला करायची. ती स्वतः मात्र त्या रांगेत कधी उभी राहायची नाही.

सरांनी मात्र तिला न सांगता एक केलं होतं. कंपनीला लिहिलं होतं की नव्यानं मोजल्याशिवाय आमच्या माणसाची सही मिळणार नाही. मोजणीवाले गेले. बारा मीटर सात सेंटिमीटर भरले. सूरजच्या मापाहून तीन सेंटिमीटर कमीच. अहवाल बदलला. डेक उचलायचं काम लांबचं होतं, पण नवा नियम लगेच लागला: वाऱ्याचा जोर वाढायची वाट बघायची नाही, वादळ बळ धरतंय असं दिसताच अठ्ठेचाळीस तास आधी सगळी माणसं खाली. “बरोबर होतं तुमचं,” सर म्हणाले. तिला धन्यवाद म्हणता आलं नाही. त्यांच्यावर तीन आठवडे घेतलेला संशय तिच्या जिभेवर कडू होऊन राहिला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ आलंच. सांगलीत नुसता धुळीचा वारा सुटला, विश्रामबागेतल्या एका बँकेची पाटी पडली. तिकडे एकशे बारा माणसं दोन दिवस आधीच किनाऱ्यावर आली होती. ती परत गेली तेव्हा बोटीचा जिना जागेवर नव्हता आणि खालच्या डेकचे कठडे आत वाकले होते, जणू कुणी खांदा लावलाय. केरबाकाकानं हे सूरजला फोनवर सांगितलं, सूरजनं आईला, आणि आईनं, हरणाबाईनं, क्रांतीला. “त्यो कायच बोलत न्हाई बग,” आई म्हणाली. “जेवतोय, काम करतोय. तू येत का न्हाईस?”

रविवारी ती गेली. मिरज मागं पडल्यावर ऊस संपला आणि बाभळी लागल्या. वस्तीवर आबा लिंबाखाली बसले होते. त्यांनी तिच्याकडे वर बघितलं, त्यांच्या त्या ढगाकडे बघायच्या नजरेनं. “तूच परत मोजाय लावलं हुतंस व्हय त्याला?” “व्हय आबा.” “आन बरोबर निगालं?” “बरोबर निगालं.” मागं हात करून आबांनी गोठ्याकडे दाखवलं.

सूरज शेडवर चढला होता. परवाच्या वाऱ्यानं पत्रे उचकटले होते आणि तो एकटाच ते सारखे करत होता, तोंडात दोन खिळे. तिला बघून खाली उतरला नाही. वाळला होता, पण हात तसेच, ठाम. ती शिडीपाशी उभी राहिली. येताना तिनं पुष्कळ काही जुळवलं होतं, कुपवाडला एका कारखान्यात जागा आहे, सर शब्द टाकायला तयार आहेत, ते सगळं बाजूला राहिलं. “सूरज,” ती म्हणाली, “कुनी सांगितलं न्हाई. फोटोत हेल्मेटचा नंबर हुता. मला दिसला हुता. कापला आसता तर कुनी खरं मानलं नसतं, म्हनून मी तसाच धाडला.”

त्यानं खिळे तोंडातून काढले. “मला ठावं हाय,” तो म्हणाला. “हेल्मेट मीच ठिवलं हुतं तसं. नंबर फुडं करून. बिगरनावाच्या फोटूला कोन इचारतंय आक्का?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. वारा होता त्या दिवशी, कागद उडत असणार, कुणीही हातातलं काहीही ठेवलं असतं. आणि पाठवायच्या आधी त्यानं का नाही सांगितलं हे, पनवेलवरून ‘कुनी सांगितलं आसंल’ असं का विचारलं? की तेव्हा तो तिलाच पारखत होता? पाच आठवडे तो ती कधी सांगते याची वाट बघत इथं पत्रे ठोकत बसला होता? की आत्ता, या घडीला, तिचा चेहरा बघून त्यानं हे रचलं, तिला हलकं करायला? फोन तिच्या पर्समध्ये होता, फोटो फोनमध्ये होता. हेल्मेट टाकलंय की मांडलंय हे मोठं करून बघितलं तर कदाचित कळलं असतं. तिचा हात पर्सच्या चेनवर गेला आणि तिथंच राहिला.

“इस्वास न्हाई न्हवं?” सूरज वरून म्हणाला.

“हाय,” ती म्हणाली.

“खोटं बोलतीस,” तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग एक खिळा परत दातांत धरून त्यानं पत्र्याचं टोक तिच्याकडे सरकवलं. “धर तिकडनं. घट धर, वारा हाय.”

तिनं पर्स खाली मातीत ठेवली आणि दोन्ही हातांनी पत्रा धरला.